उंदीर वाचला, मग माणूस का नाही?

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याआधी पाच मिनिटं त्याने व्हॉट्सॲपवर एका बातमीची लिंक पाठवली होती, आणि मी ती उघडेपर्यंत थांबायचा त्याला धीर नव्हता. "वाचलंस का? उंदरांवर चाललंय हे औषध. आयुष्य वाढलंय त्यांचं. आपल्याकडे कधी मिळेल गं? कुणाला विचारायचं?"

काकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, दीड वर्षापूर्वी एएलएसचं निदान झालं. आधी शर्टाची बटणं लावता येईनात, मग चहाचा कप धरवेना, आता बोलणं जड झालंय. घरात मज्जासंस्थेच्या आजारावर पीएचडी करणारी मी एकटीच. त्यामुळे असल्या सगळ्या लिंक माझ्याकडे येतात. मी माणसांवर सोडाच, उंदरांवरही काम करत नाही. मी ड्रोसोफिलावर काम करते, म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं. (आई शेजारणींना सांगते, "आमची चिलटांवर डॉक्टर होतेय.")

"पेपर वाचून सांगते, दोन दिवस दे," असं मी दादाला म्हटलं. पेपर वाचायला एक तास पुरला. उरलेले दोन दिवस हे दादाला कसं सांगायचं, यात गेले.

तो पेपर कुठला, हे महत्त्वाचं नाही. तसे पेपर दर काही महिन्यांनी येतात. त्यातला उंदीर मात्र जवळपास नेहमी एकच असतो, आणि आजचा लेख त्या उंदराबद्दल आहे. माझ्या मते या आजाराच्या संशोधनाची निम्मी गोष्ट, यशाची आणि फसगतीचीही, या एका उंदरात सापडते.

आधी आजार

एएलएस म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. आपल्याकडचे डॉक्टर बऱ्याचदा 'मोटर न्यूरॉन डिसीज' म्हणतात. फ्रान्सच्या शार्को यांनी एकोणिसाव्या शतकात तो पहिल्यांदा नीट वर्णन केला. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे तो आपल्यापैकी अनेकांना नावाने माहीत आहे, पण हॉकिंग हे फार मोठे अपवाद होते. ते निदानानंतर पन्नासहून जास्त वर्षं जगले. बहुतेक रुग्णांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात.

स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी मेंदूत आणि मज्जारज्जूत असतात. या आजारात त्या एकेक करून मरतात. हुकूम येणं थांबलं की स्नायू वाळत जातो. आधी हात किंवा पाय, मग गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते, डोळ्यांची हालचालही बराच काळ टिकते.

दहातल्या साधारण नऊ रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच झालेला नसतो. उरलेल्या एकाच्या घरात तो पिढ्यांमधून चालत आलेला असतो. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उंदराचा जन्म

१९९३ मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला. आनुवंशिक एएलएस असलेल्या काही घराण्यांत एसओडी१ नावाच्या जनुकात बिघाड सापडला होता. हे जनुक पेशीतले घातक ऑक्सिजन-रेणू निकामी करणारं एक विकर बनवतं. सव्वाशे वर्षांत पहिल्यांदाच या आजाराचं एक ठोस टोक हाती लागलं.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, मार्क गर्नी आणि सहकाऱ्यांनी माणसाचं बिघडलेलं एसओडी१ जनुक उंदरात घातलं. त्या प्रथिनाच्या साखळीत ९३ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलानिन आहे, म्हणून त्याला जी९३ए म्हणतात. या उंदराचे मागचे पाय साधारण तीन महिन्यांच्या वयात थरथरू लागतात, मग लुळे पडतात, आणि चार-पाच महिन्यांत तो मरतो. मज्जारज्जू कापून पाहिला तर हालचालीच्या चेतापेशी गेलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघताना अंगावर काटा यावा इतकं ते माणसातल्या चित्राशी जुळतं.

त्या काळच्या संशोधकाला काय वाटलं असेल, याचा मी विचार करते. इतकी वर्षं फक्त मृत रुग्णांचे मज्जारज्जू बघायला मिळत होते. म्हणजे आग विझल्यावर राख तपासायची. आता आग लागताना बघता येणार होती, तीही चार महिन्यांत आणि हवी तितक्या वेळा. हा उंदीर जगभरच्या प्रयोगशाळांत पसरला यात नवल नाही. टीका करताना हे विसरू नये असं मला वाटतं. त्या वेळी मी असते तर मीही पहिल्या रांगेत उभी राहून तो मागवला असता.

या उंदराने खरं ज्ञानही दिलं. एसओडी१ जनुक पूर्ण काढून टाकलेल्या उंदरांना एएलएस होत नाही, हे १९९६ मध्ये दिसलं. म्हणजे विकराचं काम बंद पडल्यामुळे पेशी मरत नाहीत. बिघडलेलं प्रथिन स्वतःच काहीतरी विषारी करतं. पुढे असंही कळलं की दोष फक्त चेतापेशीचा नाही. आजूबाजूच्या मायक्रोग्लिया पेशींमधून बिघडलेलं जनुक काढलं तर उंदराचा आजार हळू सरकतो. शेजार बिघडला की घरही लवकर पडतं. हे सगळं या उंदराशिवाय कळणं अवघड होतं.

मग औषधांची वरात निघाली

१९९९ मध्ये क्रिएटिन. व्यायामशाळेतली मुलं डब्यातून खातात तेच. उंदरांचं आयुष्य वाढलं. माणसांवरच्या चाचणीत काही फायदा दिसला नाही.

२००२ मध्ये सेलेकॉक्सिब हे सूजविरोधी औषध. उंदरांत फायदा. ३०० रुग्णांच्या चाचणीत नाही.

२००५ मध्ये सेफ्ट्रायाक्झोन. आपल्याकडे टायफॉइडला सर्रास दिलं जाणारं हे प्रतिजैविक एक हजारहून जास्त औषधं चाळून निवडलं होतं. उंदरांत आयुष्य वाढलं आणि पेपर 'नेचर'मध्ये आला. माणसांच्या चाचणीत ५०० हून अधिक रुग्ण सहभागी झाले. छातीतल्या मोठ्या शिरेत नळी बसवून महिनोन्महिने हे औषध घेत राहिले. २०१४ मध्ये निकाल छापून आला : उपयोग नाही.

आणि मिनोसायक्लिन. माझ्या मते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात हे सांगायला हवं. २००२ मध्ये वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर फायदा दाखवला, म्हणजे निकाल एकट्यादुकट्या लॅबचा नव्हता. अमेरिकेत ४१२ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्यांची तब्येत औषध न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त वेगाने खालावली.

निरुपयोगी औषधाने पैसा आणि वेळ जातो. इथे त्यापेक्षा जास्त गेलं. ज्यांच्याकडे मोजून दोन-तीन वर्षं होती, त्यांच्या त्या वर्षांतला काही भाग गेला. "उंदरांत चाललंय ना, घेऊन बघायला काय हरकत आहे?" हा दादाचा पुढचा प्रश्न असणार हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर २००७ चा हा आकडा आहे.

एक इंजिनिअर आणि १८ हजार उंदीर

स्टीफन हेवूडला १९९८ मध्ये निदान झालं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. (माझ्या आजच्या वयाहून एखाद वर्षाने मोठा. हे वाचताना मी दोन मिनिटं थांबले होते.) त्याचा भाऊ जेमी हेवूड मेकॅनिकल इंजिनिअर. जीवशास्त्राचा माणूस नव्हे. त्याने भावासाठी १९९९ मध्ये संस्थाच काढली, जी आज एएलएस थेरपी डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. कल्पना सरळ होती. उपलब्ध औषधं एकामागून एक या उंदरावर तपासायची, आणि जे चालेल ते रुग्णांपर्यंत न्यायचं.

पाच वर्षांत त्यांनी ७० हून जास्त औषधं तपासली. २२१ प्रयोग, १८ हजार उंदीर. २००६ मध्ये स्टीफन गेला. २००८ मध्ये संस्थेचा पेपर आला : एकाही औषधाने उंदरांचं आयुष्य ठामपणे वाढवलं नाही. त्यांत आधी मोठ्या नियतकालिकांत 'चालतात' म्हणून छापून आलेली आठ औषधंही होती. मिनोसायक्लिन, क्रिएटिन, सेलेकॉक्सिब, सेफ्ट्रायाक्झोन, सोडियम फिनाइलब्युटिरेट, थॅलिडोमाइड वगैरे.

मग आधीच्यांना फायदा दिसला कसा? पेपरचा खरा ऐवज या प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

एक, नर आणि मादी. या जातीच्या माद्या नरांपेक्षा काही दिवस जास्त जगतात. औषधाच्या गटात माद्या जास्त पडल्या की 'आयुष्य वाढलं'.

दोन, वेत. एका वेतातली भावंडं साधारण एकाच सुमारास मरतात. एक अख्खं वेत औषधाच्या गटात आणि दुसरं न-औषधाच्या गटात गेलं, तर आपण औषधं नव्हे, दोन घराणी ताडून बघतोय.

तीन, प्रतींची संख्या. या उंदरात माणसाचं बिघडलेलं जनुक एकदा नसतं. त्याच्या वीसहून जास्त प्रती एकापाठोपाठ चिकटलेल्या असतात. पिढी पुढे सरकताना कधीकधी त्यातल्या काही प्रती गळतात. प्रती कमी, तर विष कमी, तर आयुष्य जास्त. असा एखादा उंदीर औषधाच्या गटात शिरला तर सरासरी हलते.

चार, मृत्यूचं कारण. एखादा उंदीर भांडणात किंवा दुसऱ्याच आजाराने मेला आणि तोही मोजला, तर आकडे बिघडतात.

या चारही गोष्टी थोड्या थोड्या दिवसांचा फरक पाडतात. आणि ज्या औषधांचा गाजावाजा झाला, त्यांतल्या बऱ्याच औषधांचा 'फायदा'ही थोड्याच दिवसांचा होता. दहा-दहा उंदरांचे गट असले की योगायोगाने एवढा फरक सहज पडतो. या लोकांनी आणखी एक छान गोष्ट केली. कुठलंच औषध न मिळालेल्या उंदरांची माहिती एकत्र केली आणि संगणकाकडून त्यांतून लहान-लहान गट चिठ्ठ्या टाकून निवडून घेतले. औषध नाहीच, तरी गटांमध्ये 'फायदा' दिसत राहिला. आधीच्या बहुतेक पेपरांनी औषधाचा परिणाम नाही, तर हा गोंगाटच मोजला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. यापुढे प्रत्येक गटात किमान २४ उंदीर, भावंडं दोन्ही गटांत वाटलेली, नर-माद्या वेगळ्या मोजलेल्या, प्रती तपासलेल्या, असे नियम त्यांनी सुचवले.

हे वाचून पहिल्यांदा मला राग आला होता. यातली एकही गोष्ट रॉकेट विज्ञान नाही. नर-मादी बरोबरीने घ्या, हे बारावीच्या प्रॅक्टिकललाही सांगतात. नंतर राग ओसरला. तो का ओसरला, ते शेवटाकडे सांगते.

पण २००८ च्या पेपरलाही एक प्रश्न

हा पेपर क्षेत्रात आदराने उद्धृत होतो आणि व्हायलाच हवा. पण तो वाचून बरेच जण एवढाच धडा घेतात की 'प्रयोग नीट करा, संख्या वाढवा, मग उंदीर खरं बोलेल'. मला हा धडा अपुरा वाटतो, आणि त्याचा पुरावा त्याच पेपरात आहे.

तपासलेल्या आठ औषधांत रिलुझोलही होतं. रिलुझोल हे एएलएससाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध, १९९५ चं. माणसाचं आयुष्य ते साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढवतं. फार नाही, पण माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेलं. नीट केलेल्या, मोठ्या संख्येच्या, काटेकोर प्रयोगात या उंदरावर रिलुझोलचा काहीच परिणाम दिसला नाही.

म्हणजे चाळणीला दोन्हीकडून भोकं आहेत. खडे खाली येतात, हा एक दोष. पण दाणेही वरच्या वर फेकले जात असतील, तर? माणसाला उपयोगी पडलं असतं असं एखादं औषध उंदरात 'नापास' होऊन फ्रीजमध्ये पडून राहिलं असेल, तर ते आपल्याला कधीच कळणार नाही. गटातली संख्या वाढवून हा दोष जात नाही.

मुळातला घोळ : आजार तोच आहे का?

आता ते प्रमाण आठवा. दहातला एक रुग्ण आनुवंशिक. त्या आनुवंशिकांपैकी साधारण पाचातल्या एकात एसओडी१ चा बिघाड. म्हणजे एकूण शंभर रुग्णांमागे दोन-एक जण. आपला उंदीर या दोघांचा प्रतिनिधी आहे. उरलेल्या ९८ जणांचाही तो प्रतिनिधी आहे, हे गृहीत धरलं होतं. तपासून ठरलेलं नव्हतं.

२००६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या पेपरने हे गृहीतक हलवलं. एएलएसच्या बहुतेक रुग्णांच्या चेतापेशींत साचलेल्या गुठळ्या कशाच्या असतात, याचं उत्तर मिळालं : टीडीपी-४३ नावाचं प्रथिन. एरवी ते पेशीच्या केंद्रकात राहून आरएनएची काटछाट नीट होतेय ना, यावर नजर ठेवतं. आजारात ते केंद्रकाबाहेर पडतं आणि बाहेर त्याच्या गुठळ्या होतात. आज आपण म्हणतो की सुमारे ९७ टक्के रुग्णांत हे दिसतं. आणि २००७ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की एसओडी१ चा बिघाड असलेल्या रुग्णांत हे टीडीपी-४३ चं चित्र दिसत नाही.

थोडक्यात, लक्षणं तीच, मरणाऱ्या पेशी त्याच, पण आतला घोळ वेगळा. दिवे गेले एवढ्यावरून फ्यूज उडालाय की वरून लाइनच गेलीय हे कळत नाही. आणि फ्यूज बदलून लाइन येत नाही.

पुढची अडचण तर आणखी मजेशीर आहे. टीडीपी-४३ केंद्रकातून गेल्यावर कुठल्या आरएनएची काटछाट बिघडते? २०१९ मध्ये स्टॅथमिन-२ नावाचा एक महत्त्वाचा बळी सापडला. चेतापेशीचा लांब तंतू टिकायला आणि तुटल्यावर पुन्हा वाढायला हे प्रथिन लागतं. ज्या ठिकाणी ही चुकीची काटछाट होते, तो आरएनएचा तुकडा माणसात आहे, उंदरात नाही. म्हणजे उंदरात टीडीपी-४३ चा बिघाड केला, तरी हा बळी आपोआप पडत नाही. उंदरावर कितीही प्रामाणिकपणे काम केलं असतं, तरी हे पान उंदराच्या पुस्तकात नव्हतंच.

तरी उंदराला फाशी नको

इथवर वाचून 'प्राण्यांवरचं संशोधनच बकवास' असं कुणाला वाटलं, तर ते मला मान्य नाही. टोफर्सेनचं उदाहरण बघा. एसओडी१ चा आरएनए नष्ट करणारं हे औषध पाठीच्या कण्यातून देतात. ते एसओडी१ च्या उंदीर-घुशींवर तपासलं गेलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला त्वरित मान्यता मिळाली, फक्त एसओडी१ चा बिघाड असलेल्या रुग्णांसाठी.

इथेही टाळ्या जपूनच वाजवायच्या. १०८ रुग्णांच्या मुख्य चाचणीत २८ आठवड्यांनंतर ठरवलेल्या मुख्य मोजमापावर फरक सिद्ध झाला नाही. मान्यता मिळाली ती मुख्यतः रक्तातलं न्यूरोफिलामेंट, म्हणजे चेतापेशींच्या नासाडीची खूण, कमी झाली म्हणून. तरीही, उंदरात जो बिघाड आहे तोच बिघाड असलेल्या माणसांना, त्याच बिघाडावर नेम धरणारं औषध दिलं, ही वाट तर्काला धरून आहे. उंदीर इथे ज्याचा प्रतिनिधी आहे त्याच्याबद्दलच बोलतोय.

माझी तक्रार आहे ती आपल्या भाषेबद्दल. पेपरांच्या शीर्षकात सर्रास 'एएलएसचा उंदीर' लिहिलेलं असतं. 'एसओडी१ जी९३ए जनुकाच्या अनेक प्रती असलेला उंदीर' हे नाव लांबलचक आहे, पण खरं आहे. पहिल्या नावात ९८ जणांना दिलेलं एक वचन लपलेलं असतं, जे देण्याचा आपल्याला अधिकार नाही. मग विद्यापीठाचं प्रसिद्धीपत्रक निघतं, त्यातून बातमी, बातमीतून फॉरवर्ड. प्रत्येक पायरीवर एक शब्द गळतो. दादापर्यंत पोहोचेस्तोवर 'उंदीर'ही जवळपास गळालेला असतो.

आणि उंदरावरच सगळं ढकलूनही चालणार नाही. सोडियम फिनाइलब्युटिरेट आणि टॉर्सोडायॉल यांच्या जोडगोळीला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती १३७ रुग्णांच्या, म्हणजे माणसांच्याच, चाचणीवर. ६६४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने औषध बाजारातून मागे घेतलं. लहान गटांचा गोंगाट पिंजऱ्यात असतो तसा रुग्णालयातही असतो.

माझी चिलटं

आता राग का ओसरला ते.

मी माणसाचं टीडीपी-४३ चिलटांच्या चेतापेशींत तयार करवते. ती लवकर लुळी पडतात आणि लवकर मरतात. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी खाद्यात एक रसायन मिसळलं आणि चिलटं ठळकपणे जास्त दिवस जगली. आलेख इतका सुंदर होता की मी तो फोनच्या वॉलपेपरला लावला होता. (खरंच.) गाईडना दाखवला. ते म्हणाले, "छान. आता परत कर."

परत केलं, फरक निम्मा झाला. तिसऱ्यांदा केलं, गायब. तीन आठवडे शोधल्यावर कळलं की रसायनाच्या बाटल्या मी सोयीसाठी इनक्युबेटरच्या खालच्या कप्प्यात ठेवत होते आणि साध्या खाद्याच्या वरच्या. खालच्या कप्प्यात तापमान अंशभर कमी होतं. चिलटांत परकं जनुक चालू करायची जी पद्धत आम्ही वापरतो, ती तापमानावर हलते. थंडावा असेल तर प्रथिन कमी तयार होतं. प्रथिन कमी, तर विष कमी, तर आयुष्य जास्त. हेवूडच्या लोकांनी सांगितलेली गळालेल्या प्रतींची गोष्ट मी माझ्या कप्प्यात नव्याने शोधून काढली होती.

मी लबाडी केली नव्हती. मला फक्त तो आलेख हवा होता. गाईडनी "परत कर" म्हटलं नसतं, किंवा फेलोशिपचं शेवटचं वर्ष असतं, तर तो आलेख कुठेतरी छापून आला असता आणि एखाद्या घरात तो कुणीतरी रात्री साडेदहाला फॉरवर्ड केला असता. नंतरचे फसलेले दोन प्रयोग मात्र वहीत राहिले असते, कारण फसलेले प्रयोग छापायला कुणी फारसं उत्सुक नसतं.

आता माझ्या बाटल्या दर दिवशी कप्पे बदलतात, आणि कुठल्या बाटलीत काय आहे ते मला नाही, लॅबमधल्या ज्युनिअरला माहीत असतं. तरीही माझं चिलट माणसाचं टीडीपी-४३ गरजेपेक्षा जास्त तयार करणारं चिलट आहे. ते काकांचा आजार नाही. हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असणार आहे.

दादाला काय सांगितलं

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. पेपरमधल्या चार गोष्टी बघितल्या, त्या त्याला सांगितल्या. अशी बातमी आली तर तुम्हीही या बघू शकता.

उंदीर कुठला? एसओडी१ चा होता. काकांची जनुकीय तपासणी झाली आहे, त्यांना तो बिघाड नाही.

औषध कधी सुरू केलं? उंदराला लक्षणं दिसायच्या आधी. माणसाला आपण औषध देतो ते लक्षणं दिसल्यावर, बऱ्याचदा वर्ष उलटल्यावर.

गटात किती उंदीर? नऊ आणि दहा. नर-मादी वेगळे मोजलेले नव्हते.

दुसऱ्या कुठल्या लॅबने हे करून बघितलं का? अजून नाही.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे नाहीच म्हण ना सरळ." मी म्हटलं, "या औषधाला नाही म्हणतेय. काकांना नाही."

मग मी त्याला दुसरंच विचारलं. काकांची फुप्फुसांची तपासणी शेवटची कधी झाली? रात्री झोप लागते का, सकाळी डोकं दुखतं का? कारण २००६ मध्ये इंग्लंडमधली एक लहान चाचणी प्रसिद्ध झाली. फक्त ४१ रुग्ण, त्यामुळे जपूनच बोलायचं. पण श्वास कमी पडू लागल्यावर मास्क लावून श्वासाला आधार देणारं यंत्र वापरलेल्यांत, ज्यांच्या गिळण्या-बोलण्याचे स्नायू फार बिघडलेले नव्हते, त्यांचं आयुष्य मध्यमानाने सुमारे सात महिन्यांनी वाढलं, आणि ते महिने बऱ्या अवस्थेत गेले. रिलुझोलपेक्षा जास्त. यात कुठलाही उंदीर नव्हता. हे यंत्र आपल्याकडे भाड्यानेही मिळतं. पण त्यावर 'आशेचा किरण' अशी बातमी येत नाही, म्हणून ते फॉरवर्डही होत नाही.

काकांची पुढची अपॉइंटमेंट त्यांनी अलीकडे घेतली. दादाने काल आणखी एक लिंक पाठवली, सोबत एक ओळ : "यात गटात २६ उंदीर आहेत, नर-मादी वेगळे. बघ जरा." बघतेय.

तुमच्याकडे अशी एखादी बातमी आली असेल तर खाली टाका, जमेल तसं एकत्र वाचू. पण काय घ्यायचं आणि काय नाही, हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टलाच विचारा. मी चिलटांची डॉक्टर आहे, तीही अजून झालेली नाही.